औषधांच्या दुकानातील उमेदवारी

आरोग्याचा विषय निघाला म्हणजे आपल्यापुढे डॉक्टर उभा राहतो, रुग्णालय उभे राहते, फार तर परिचारिका आठवते. औषध देणारा माणूस मात्र सहसा कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. वास्तविक आजारी माणसाची शेवटची गाठ त्याच्याशीच पडते. डॉक्टर तपासतो आणि चिठ्ठी लिहून देतो. परंतु औषध प्रत्यक्ष हातात पडते ते दुकानात. तेथून घरी जाईपर्यंत ते कसे घ्यावयाचे हे सांगणारे दुसरे कोणी वाटेत भेटत नाही. कष्टकऱ्यांच्या वस्तीत तर पुष्कळदा पहिली गाठही येथेच पडते. कामाचा खाडा वाचवावा, डॉक्टरची फी वाचवावी, म्हणून माणूस सरळ 'मेडिकल'ची पायरी चढतो आणि 'अंगदुखीवर काहीतरी द्या' म्हणून सांगतो. कामगारांच्या संघटनेत वावरताना आम्ही हे नित्य पाहत आलो आहोत.

तेव्हा काउंटरच्या पलीकडे जो उभा आहे तो हे काम कोठे शिकला, कोणापाशी शिकला आणि काय शिकला, हा प्रश्न केवळ त्या धंद्यातील लोकांचा नाही. तो तुमचा आमचा आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दुकानात जे प्रत्यक्ष शिक्षण मिळावयास हवे, त्याची माहिती येथे थोडक्यात द्यावी आणि त्यातील उणीव कोठे आहे हे दाखवावे, असा आमचा हेतू आहे.

कंपाउंडरपासून फार्मासिस्टपर्यंत

आपल्यातील वडील मंडळींना जुना दवाखाना आठवत असेल. डॉक्टरांच्या खोलीशेजारी एक लहानशी खिडकी, आत कंपाउंडर, मागे फळीवर मोठमोठ्या बाटल्या. तो मिश्रण तयार करी, घरून नेलेल्या बाटलीत ओती आणि बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून देई. एका खाचेपर्यंत एक डोस. अक्षर न वाचता येणाऱ्या माणसालाही ती पट्टी समजत असे. हा कंपाउंडर पाहून पाहून शिकलेला असे. त्याला कोणी परीक्षा विचारीत नसे, आणि त्याच्या चुकीचा हिशेबही कोणी ठेवीत नसे.

ही स्थिती सुधारावी असे सरकारच्या मनात आले ते १९३० साली. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषधांच्या चौकशीसाठी एक समिती नेमण्यात आली व १९३१ साली तिने आपला अहवाल दिला. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, महादेव लाल श्रॉफ यांच्या पुढाकाराने काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले. त्यानंतर १९४० चा औषधांचा कायदा आला, १९४५ चे नियम आले आणि १९४८ साली फार्मसीचा कायदा झाला. या शेवटच्या कायद्याने फार्मासिस्टची नोंदवही सुरू झाली आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचा अधिकार नोंदणी झालेल्या माणसाकडे आला. औषधविक्रीच्या नियमांतही हेच बंधन आहे. चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः द्यावे, किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिले जावे.

परंतु याच काळात कामाचे रूप बदलून गेले. गोळ्या, कॅप्सुली, सिरपे कारखान्यातून बांधून येऊ लागली. खल आणि बत्ता कोपऱ्यात गेला. आपल्या भाषेतील सरकारी शब्द मात्र 'औषधनिर्माता' असाच राहिला. दुकानातील हा 'निर्माता' आता जवळजवळ काहीच निर्माण करीत नाही. मग त्याच्याकडे काम उरले कोणते? दुकानदाराच्या हिशेबी उत्तर सोपे आहे, फळीवरून काढावे आणि पिशवीत घालावे. एवढेच काम असेल तर त्याला दोन वर्षांचा डिप्लोमा कशाला हवा, असा प्रश्न धंद्यातील काही लोक उघडपणे विचारतात. महाराष्ट्रात २०१२-१३ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने दुकानात फार्मासिस्ट हजर असलाच पाहिजे असा आग्रह धरला, तेव्हा औषधविक्रेत्यांनी बंद पुकारले होते. त्या वादाच्या मुळाशी हाच प्रश्न होता.

'क्लिनिकल' म्हणजे काय?

या प्रश्नाचे खरे उत्तर 'क्लिनिकल' या शब्दात आहे. हा शब्द ग्रीक भाषेतून आला असून त्याच्या मुळाशी 'खाट' हा अर्थ आहे. रोग्याच्या खाटेजवळ उभे राहून जे शिकावयाचे ते क्लिनिकल शिक्षण. वैद्यकाचे विद्यार्थी असेच शिकतात. औषधांच्या दुकानात खाट नसते. तेथला रोगी उभा असतो, घाईत असतो, आणि पुष्कळदा तो स्वतः रोगीही नसतो. घरातील आजारी माणसासाठी औषध न्यावयास मुलगा किंवा शेजारीण आलेली असते. तरीही शिकण्याजोगे तेथे पुष्कळ आहे. ते कसे, हे काही उदाहरणांनी सांगतो.

पहिले उदाहरण इन्सुलिनचे. आपल्या देशात इन्सुलिनच्या कुपीत एका मिलिलिटरला ४० युनिट असा प्रकार सर्रास मिळतो, आणि १०० युनिटांचाही मिळतो. त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची नारिंगी टोपीची. आता १०० युनिटांचे इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजेत १० च्या खुणेपर्यंत भरले तर अंगात दहा युनिट जात नाहीत, पंचवीस जातात. रोगी घाम फुटून बेशुद्ध पडू शकतो. उलट ४० चे इन्सुलिन नारिंगी टोपीच्या सिरिंजेत घेतले तर दहाच्या जागी चारच युनिट जातात आणि साखर चढत राहते. डॉक्टरची चिठ्ठी बरोबर, औषध बरोबर, सिरिंजही चांगली. चूक झाली ती जोडी लावण्यात. ही चूक पकडण्याची जागा दुकानाचा काउंटर हीच होय.

दुसरे उदाहरण क्षयाचे. रिफॅम्पिसिन सुरू झाले की लघवीला नारिंगी-लाल रंग येतो. हे आधी कोणी सांगितले नसेल तर माणूस घाबरतो, 'औषध उष्ण पडले' असे म्हणतो आणि गोळ्या बंद करतो. क्षयाचे औषध अर्धवट सोडणे म्हणजे रोग औषधाला दाद देईनासा होण्याची वाट मोकळी करणे. 'रंग येईल, घाबरू नका, गोळी सोडू नका,' एवढे एक वाक्य सांगावयास अर्धे मिनिटही लागत नाही.

तिसरे उदाहरण कामगारांच्या रोजच्या अनुभवातले. कंबर धरली, गुडघे दुखले की डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन यांसारखी गोळी घ्यावयाची. दोन दिवस घेतली तर एक गोष्ट, महिनोन्‌महिने घेतली तर दुसरी. या गोळ्यांनी पोटात व्रण होतो, मूत्रपिंडावर ताण पडतो, आणि रक्तदाबाची औषधे घेणाऱ्याचा दाब आटोक्यात राहत नाही. 'रक्तदाबाचे काही चालू आहे का? या महिन्यात कितव्यांदा नेता?' असे दोन प्रश्न विचारणारा माणूस तेथे असेल तर पुढचे दुखणे टळू शकते.

आणखीही पुष्कळ सांगता येईल. संधिवातासाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. कोणी ते रोज घेतले तर जिवावर बेतते. जुलाबावरील क्षारांची पुडी एक लिटर पाण्याची आहे की पेलाभर पाण्याची, हे पाहून सांगावे लागते. लिटरची पुडी पेल्यात कालवून लेकराला पाजणे घातक आहे. सर्दीच्या गोळीत पॅरासिटॅमॉल असते; वर तापाची म्हणून तीच पुन्हा घेतली जाते. दम्याचा पंप कसा ओढावयाचा हे खोक्यातील कागद वाचून कळत नाही, करून दाखवावे लागते. श्वास सोडावा, पंप दाबताना सावकाश आत घ्यावा, दहा सेकंद रोखावा, आणि स्टेरॉइडचा पंप असेल तर नंतर चूळ भरावी.

ही माहिती पुस्तकात असते, आणि विद्यार्थी ती पाठही करतो. परंतु घाईत असलेल्या, काहीशा संकोचलेल्या, आपले दुखणे चारचौघांत सांगावयास न धजणाऱ्या माणसाला ती कोणत्या शब्दांत सांगावी, त्याच्याकडून नेमके काय काढून घ्यावे, आणि 'हे माझ्या आवाक्यातले नाही, डॉक्टरांकडे जा' असे केव्हा म्हणावे, हे पुस्तक शिकवीत नाही. ते जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहूनच शिकावे लागते.

पाचशे तास

आपल्या नियमांत याची तरतूद नाही असे नाही. दुकानात फार्मासिस्ट म्हणून उभे राहण्यासाठी डिप्लोमा ही किमान पात्रता आहे. १९९१ च्या शिक्षण-नियमांप्रमाणे दोन वर्षांच्या अभ्यासानंतर विद्यार्थ्याने किमान पाचशे तास प्रत्यक्ष काम शिकावे, ते तीन महिन्यांपेक्षा कमी काळात उरकू नये, आणि त्यांतील निदान अडीचशे तास चिठ्ठ्यांवरील औषधे देण्यात जावेत असे ठरले. २०२० च्या नव्या नियमांनी हे पाचशे तासांचे माप कायम ठेवले. जुन्या अभ्यासक्रमात 'औषधभांडार व व्यवसाय-व्यवस्थापन' असा विषय होता, त्याच्या जागी 'कम्युनिटी फार्मसी' म्हणजे लोकवस्तीतील औषधसेवा हा विषय आला. हा नावातील बदल चांगला आहे.

हे शिक्षण सरकारी व नगरपालिकांच्या दवाखान्यांत घेता येते, कामगार राज्य विमा योजनेच्या दवाखान्यांत घेता येते, आणि परवाना असलेल्या औषधांच्या दुकानातही घेता येते. एका नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हाताखाली दोनांपेक्षा अधिक शिकाऊ विद्यार्थी नसावेत असेही १९९१ च्या नियमांत होते. एकंदरीत नियम करणाऱ्यांची दृष्टी योग्य होती.

त्या नियमांबरोबर एक करारपत्र जोडलेले होते. करारपत्रे वाचणे हा आमच्या कामाचाच भाग असल्यामुळे ते आम्ही बारकाईने पाहिले. त्यात विद्यार्थी आपल्या उस्तादाची आज्ञा पाळण्याचे व मान राखण्याचे वचन देतो. उस्ताद चिठ्ठी वाचणे, डोस तपासणे, औषधे देणे, ती साठवणे आणि कायद्याने लागणाऱ्या नोंदी ठेवणे हे सर्व शिकविण्याचे, आणि मार्गदर्शनासाठी नोंदणीकृत फार्मासिस्ट नेमून देण्याचे वचन देतो. जुन्या उमेदवारीची ही रीत आहे. लोहारकामात, छापखान्यात, गिरणीच्या साचेखात्यात आमची माणसे अशाच उमेदवारीने तयार झाली.

परंतु उमेदवारीचा एक धर्म असतो. उस्ताद शेजारी असावा, उमेदवाराला काम क्रमाक्रमाने चढते मिळावे, आणि त्याच्या पोटाची काही सोय असावी. या तिन्हीत आज खोट आहे. पुष्कळ ठिकाणी नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि प्रमाणपत्राचा धनी दुसरीकडे असतो. प्रमाणपत्र भाड्याने देण्याची ही चाल सर्वांना ठाऊक आहे. अशा दुकानात विद्यार्थी गेला तर त्याला शिकविणार कोण? तो एक तर फुकटचा हरकाम्या होतो, खोकी उचलतो, माल लावतो, घरपोच पिशव्या देऊन येतो. नाही तर त्याहून वाईट म्हणजे गैरहजर फार्मासिस्टच्या जागी तोच औषधे देऊ लागतो. देखरेख नसताना त्याने चिठ्ठीवरचे औषध देणे हे कायद्याविरुद्ध आहे, आणि चूक झाली तर ती त्याच्या अंगावर येणार. तिसरा प्रकार म्हणजे दुकानात पाऊलही न टाकता पाचशे तासांचा दाखला मिळविणे. विद्यावेतनाचे बंधन नसल्यामुळे गरिबाच्या मुलाला तीन महिने बिनपगारी राबणे परवडत नाही, आणि मग त्यालाही हा कोरा दाखला सोयीचा वाटू लागतो. त्याला दोष देण्याआधी ही अडचण पाहिली पाहिजे.

इतर शिक्षणक्रम आणि परदेशातील रीत

याहून वरचा 'फार्म. डी.' हा सहा वर्षांचा शिक्षणक्रम आपल्याकडे २००८ साली सुरू झाला. त्यातील शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे आहे. त्यासाठी तीनशे खाटांच्या रुग्णालयाची अट आहे, आणि ते वर्ष सहा महिने सामान्य वैद्यक विभागात व उरलेले दोन-दोन महिने अन्य तीन विभागांत जाते. म्हणजे क्लिनिकल शिक्षण आले, पण ते खाटेपाशी आले. दुकानाच्या काउंटरला त्या वर्षात जागा मिळाली नाही.

अमेरिकेत मान्यतेच्या २०१६ च्या निकषांप्रमाणे विद्यार्थ्याला आधी ओळखीचे निदान तीनशे तास आणि शेवटच्या टप्प्यात पुढचे निदान १,४४० तास प्रत्यक्ष काम करावे लागे. आणि या शेवटच्या टप्प्यातील चार अनिवार्य क्षेत्रांत वस्तीतील औषधांचे दुकान हे एक स्वतंत्र क्षेत्र मानले होते. तेथील सर्वच रीत आपण उचलावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु दुकान ही शाळा आहे आणि तेथील फार्मासिस्ट हा शिक्षक आहे, ही मान्यता मात्र घेण्याजोगी आहे.

तास कसे घालवावेत?

पाचशे तास म्हणजे रोज आठ तासांप्रमाणे साधारण त्रेसष्ट दिवस. वेळ थोडा आहे, परंतु नीट वापरला तर कमी नाही. अडीचशे तास चिठ्ठ्यांवर घालविले आणि एका चिठ्ठीला दहा मिनिटे धरली तर दीड हजार चिठ्ठ्या विद्यार्थ्याच्या नजरेखालून जातात. दीड हजार वेळा विचारून, तपासून आणि सांगून जो तयार झाला तो कच्चा राहणार नाही.

आमच्या मते या काळाचे तीन टप्पे पाडावेत. पहिल्या टप्प्यात दुकानाची ओळख. कोणते औषध थंडीत ठेवावयाचे, मुदत संपलेला माल वेगळा कसा काढावयाचा, आणि नोंदी कशा लिहावयाच्या. २०१४ च्या मार्चपासून लागू झालेल्या 'एच-१' यादीतील औषधांसाठी, ज्यांत क्षयाची औषधे व पुष्कळ प्रतिजैविके येतात, डॉक्टरचे नाव, रोग्याचे नाव, औषध व त्याचे प्रमाण लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. क्षयाच्या रोग्याची खबर सरकारी यंत्रणेस देण्याची जबाबदारी २०१८ पासून औषधविक्रेत्यांवरही आली आहे. विद्यार्थ्याने या नोंदी हाताने कराव्यात आणि त्या कशासाठी आहेत हे समजून घ्यावे.

दुसऱ्या टप्प्यात त्याने चिठ्ठी वाचावी आणि फार्मासिस्टने ती तपासावी. औषध देण्याचा हात फार्मासिस्टचा, पण 'हा डोस या वयाला योग्य आहे का, या दोन गोळ्या एकत्र चालतात का' याचे उत्तर आधी विद्यार्थ्याने द्यावे. तिसऱ्या टप्प्यात त्याने बोलावे आणि फार्मासिस्टने ऐकावे. काय सांगावयाचे याची यादी २०१५ च्या व्यवसाय-नियमांत तयारच आहे. औषधाचे नाव, ते कसे व किती दिवस घ्यावयाचे, कोणता त्रास संभवतो, ते कसे ठेवावे, आणि एक वेळ चुकली तर काय करावे. रोज निदान दोन रोग्यांची हकिकत, नाव गाळून, वहीत लिहावी आणि आठवड्यातून एकदा महाविद्यालयातील शिक्षकाने दुकानात येऊन ती पाहावी. दाखल्यावरील सहीपेक्षा ही वही अधिक खरे बोलेल.

आक्षेप आणि त्यांचा विचार

दुकानदार म्हणतील, गर्दीच्या वेळी हे कसे जमावे? हा आक्षेप खोटा नाही. संध्याकाळी सहा ते नऊ दुकानात उभे राहावयास जागा नसते. परंतु दुपारचे तास रिकामे असतात आणि नेहमीची औषधे नेणारे साखर-रक्तदाबाचे लोक त्या वेळी येऊ शकतात. दुसरी गोष्ट, शिकविणारा फार्मासिस्ट स्वतः नोकर असतो. बारा-बारा तास उभे राहून थोडक्या पगारात राबणाऱ्याने वर शिकवणीही करावी हे न्यायाचे नाही. शिकविण्याचे तास हे कामाचे तास धरले पाहिजेत आणि त्यांचा मोबदला त्याला मिळाला पाहिजे. तसेच विद्यार्थ्याला विद्यावेतन हवे. ते महाविद्यालयाने, दुकानाने व सरकारने कोणत्या प्रमाणात उचलावे याबद्दल चर्चा होऊ शकेल. ते मुळीच नसावे याबद्दल होऊ शकत नाही. जेथे फार्मासिस्ट हजर नाही ते दुकान शिक्षणासाठी धरूच नये, आणि जी धरली जातील त्यांची यादी महाविद्यालयाने जाहीर करावी.

रोगीही तक्रार करतील की, शिकाऊ मुलापुढे आपले दुखणे का सांगावे? त्यावर उपाय एवढाच की, त्याची संमती घ्यावी, बोलणे काउंटरच्या एका बाजूला हलक्या आवाजात व्हावे, आणि ऐकलेले बाहेर जाऊ नये हा धडा विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी मिळावा.

नागरिकांचे काम

नियम पुष्कळ आहेत आणि बरेचसे चांगले आहेत. ते कागदावर राहतात याचे एक कारण असे की, ज्यांच्यासाठी ते केले ते आपण गिऱ्हाईक कधी विचारीतच नाही. आपण भाव विचारतो, सूट विचारतो. यापुढे आणखी दोन गोष्टी विचाराव्यात अशी आमची श्रोत्यांस विनंती आहे. 'फार्मासिस्ट कोण आहेत?' आणि 'हे औषध कसे घ्यायचे ते नीट सांगा.' पाठीमागे रांग असली तरी विचारावे, आणि पुढचा माणूस विचारीत असेल तर रांगेतील बाकीच्यांनी थांबावे.

हा प्रश्न रोज विचारला जाऊ लागला की त्याचे उत्तर देणारा माणूस दुकानात ठेवणे भाग पडेल. असा माणूस तेथे असला म्हणजे त्याच्या शेजारी उभे राहून शिकणारी मुलेही तयार होतील. दुकानातील ही उमेदवारी खरी व्हावी, तिच्यातील उमेदवाराला पोटापुरते मिळावे आणि उस्तादाला मान मिळावा, यातच उद्याच्या आजारी माणसाचे हित आहे.